विजेच्या मोटारीचा ब्रेकचा दिवा पेटला तर...

ईदला किंवा लग्नसराईत मुंबई-पुण्याहून मंडणगड तालुक्यात येणाऱ्या गाड्यांत आता विजेवर चालणाऱ्या मोटारीही दिसू लागल्या आहेत. घाटात ब्रेकचा दिवा पेटला की मालक जवळच्या गॅरेजच्या दारात गाडी आणतो. "विजेची गाडी आहे, हे आमचे काम नाही," असे सांगून अनेक कारागीर हात वर करतात. मग गाडी टोचन करून शहरात जाते आणि तिच्याबरोबर गिऱ्हाईकही जाते.

आमचे म्हणणे असे की, यातले बरेचसे काम आपल्या हातचेच आहे. पेडल, मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइल, कॅलिपर, पॅड हे सर्व तेच आहे. टाटांची नेक्सॉन ई.व्ही. २०२० च्या जानेवारीत बाजारात आली. त्या वेळच्या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. पुढे त्या आपल्या दारात येणारच. तेव्हा बदलले काय, एवढे नीट समजून घेतले पाहिजे.

तीन फरक

पहिला फरक असा की, पाय उचलला की मोटार जनित्रासारखी चालते, गाडी आवरते आणि वीज बॅटरीत परत जाते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही वीज ठेवायला जागा नसते. मंडणगडला रात्रभर चार्ज करून सकाळी बाणकोट किंवा म्हाप्रळकडे खाडीच्या बाजूला उतरणाऱ्याला गाडी नेहमीसारखी आवरत नाही असे वाटते. हा बिघाड नव्हे. गिऱ्हाइकाला तसे समजावून सांगावे आणि उतारावर पायाचा ब्रेक वापरायला सांगावे.

दुसरा फरक बूस्टरचा. पेट्रोल गाडीत बूस्टरला इंजिनाकडून व्हॅक्यूम मिळतो. इथे इंजिनच नाही, म्हणून काही गाड्यांत विजेचा छोटा व्हॅक्यूम पंप असतो, तर काहींत बूस्टरच विजेच्या मोटारीवर चालतो.

तिसरा फरक असा की, अल्टरनेटर नसतो. १२ व्होल्टची छोटी बॅटरी मोठ्या बॅटरीवरून कन्व्हर्टरमार्फत चार्ज होते. ती कमजोर झाली की ब्रेक, ए.बी.एस., स्टिअरिंग असे अनेक दिवे एकदम पेटतात आणि कारागीर गोंधळतो.

तपासणीचा क्रम

आधी दिवा कोणता ते पाहावे. लाल दिवा असेल तर गाडी रस्त्यावर काढू नये. नुसता पिवळा ए.बी.एस.चा दिवा असेल तर साधा ब्रेक सहसा लागतो, पण जोरात दाबल्यास चाक जाम होऊन गाडी घसरू शकते. लाल आणि पिवळा दोन्ही पेटले तर धोका अधिक समजावा.

लाल दिव्यासाठी प्रथम हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का आणि त्याचा स्विच ठीक आहे का, ते पाहावे. मग ऑइलची पातळी पाहावी. पातळी कमी असली की वरून ऑइल ओतून दिवा विझवायचा, ही सवय घातक आहे. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, नाहीतर कुठेतरी गळती असते. दोन्ही तपासल्याशिवाय ऑइल घालू नये.

त्यानंतर १२ व्होल्टची बॅटरी मोजावी. गाडी बंद करून काही तास झाल्यावर चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी तिचाच बंदोबस्त करावा. गाडी चालू केल्यावर आकडा साडेतेराच्या आसपास किंवा वर गेला नाही, तर कन्व्हर्टरकडे संशय घ्यावा.

पेडल कडक लागत असेल आणि गाडीला व्हॅक्यूम पंप असेल, तर गाडी बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. मग पाय दाबलेलाच ठेवून गाडी चालू करावी. पंपाचा आवाज येऊन पेडल थोडे खाली गेले पाहिजे. पंप चालूच झाला नाही तर फ्यूज, रिले आणि वायर पाहावी. तो थांबतच नसेल तर नळीत किंवा व्हॉल्व्हमध्ये गळती शोधावी.

पिवळ्या दिव्यासाठी स्कॅनर लावून कोणत्या चाकाचा सेन्सर तक्रार करतो ते वाचावे. मग ते चाक उघडावे. चिखल, गंज, तुटकी वायर किंवा सैल कनेक्टर, यांपैकी काहीतरी अनेकदा हाती लागते. हा सेन्सर बिघडला की अनेक गाड्यांत पाय उचलल्यावर गाडी आवरणेही बंद होते.

कोकणातले खास दुखणे

विजेच्या गाडीत पॅड कमी वापरले जातात, म्हणून ते जास्त टिकतात. पण आपल्या खाऱ्या हवेत आणि पावसात न वापरलेली डिस्क गंजते, कॅलिपरच्या पिना जाम होतात. पॅड जाड दिसले तरी पिना काढून, साफ करून, योग्य ग्रीस लावावे. ब्रेक ऑइलही हवेतले पाणी शोषते. डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू नवे असताना किमान २३० अंश असतो. पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत येऊ शकतो, आणि लांब घाटात तेच जिवावर बेतते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे आणि झाकणावर लिहिले असेल तेच घालावे.

कुठे थांबावे

नारिंगी रंगाच्या तारांना हात लावू नये. त्यांत ३०० व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो. विजेचा हँडब्रेक असेल तर स्कॅनरने तो दुरुस्तीच्या स्थितीत नेल्याशिवाय पिस्टन मागे ढकलू नये. काही गाड्यांत एअरदेखील स्कॅनरशिवाय पूर्ण निघत नाही.

काही दोष पान्ह्याने जात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. २०१० च्या फेब्रुवारीत टोयोटाने प्रियस आणि तिच्या जातीच्या, पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या सुमारे ४ लाख ३७ हजार गाड्या जगभरातून परत बोलावल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटे. दोष ए.बी.एस.च्या प्रोग्रॅममध्ये होता. असे काही दिसले तर गाडी कंपनीकडे पाठवण्यात कमीपणा नाही.

स्कॅनर एकट्याला महाग पडत असेल तर दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावा. मात्र त्याने कोड पुसून दिवा विझवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. कारण न शोधता दिवा विझवून दिलेली गाडी पुढच्या उतारावर माणसे घेऊन उतरणार आहे. दोष सापडला तर तो मालकाला दाखवून द्यावा, आणि नाही सापडला तर तसे स्पष्ट सांगावे. अशा गॅरेजकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.