हायड्रोसील : लाज नको, तपासणी हवी

पुरुषांच्या काही व्याधी अशा असतात, की त्या प्राणघातक नसूनही वर्षानुवर्षे अंगावर काढल्या जातात. त्यामागे उपचार महाग किंवा अवघड असणे हे कारण नसते, तर त्याविषयी बोलण्याचा संकोच हे असते. हायड्रोसील ही त्यांपैकीच एक व्याधी. सामान्य बोलीत तिला अंडवृद्धी किंवा 'गोटीत पाणी होणे' असे म्हटले जाते. लहान मुलाच्या बाबतीत आई घाबरून डॉक्टरांकडे धाव घेते. पण तीच सूज वडिलांना किंवा आजोबांना असेल, तर ती धोतराआड किंवा सैल पायजम्याआड दडवली जाते. प्रत्यक्षात या व्याधीचे स्वरूप समजून घेतले, तर दोन गोष्टी स्पष्ट होतात. बहुसंख्य हायड्रोसील निरुपद्रवी असतात आणि पूर्ण बरे होतात. मात्र हायड्रोसीलसारखी दिसणारी प्रत्येक सूज हायड्रोसील असतेच असे नाही, म्हणून एकदा तरी तपासणी करून घेणे टाळता येत नाही.

पाणी येते कोठून?

अंडकोशामध्ये प्रत्येक वृषणाभोवती एक पातळ, दुपदरी आवरण असते. या दोन पदरांमध्ये अगदी थोडा द्रव असतो. वृषणाची हालचाल सुलभ व्हावी, यासाठी त्याचा वंगणासारखा उपयोग होतो. हा द्रव सतत तयार होत असतो आणि तेवढाच शोषलाही जात असतो. काही कारणाने हा ताळेबंद बिघडला, म्हणजे निर्मिती वाढली किंवा शोषण कमी झाले, की द्रव साठू लागतो. यालाच हायड्रोसील म्हणतात. साठलेला द्रव बहुधा स्वच्छ आणि गवताच्या काडीसारखा पिवळसर असतो. सुरुवातीला तो काही चमचे एवढाच असतो. दुर्लक्ष होत राहिल्यास काही रुग्णांत तो एक लिटरच्याही पुढे जातो.

ही व्याधी आपल्याकडे फार पूर्वीपासून परिचित आहे. सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगितले असून त्यांतील 'मूत्रवृद्धी' म्हणजे आजचे हायड्रोसील, असे सामान्यतः मानले जाते. अंडकोशाच्या मधल्या शिवणीला धक्का न लावता बाजूने छिद्र पाडून नळीवाटे पाणी काढण्याची कृती तेथे वर्णिलेली आहे. आतड्यामुळे होणारी 'अंत्रवृद्धी', म्हणजेच अंतर्गळ किंवा हर्निया, हा मात्र निराळा विकार असल्याचेही तेथे सांगितले आहे. हा भेद आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

बाळाचे हायड्रोसील

गर्भावस्थेत मुलग्याचे वृषण पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात. साधारण सातव्या महिन्यापासून ते जांघेतील वाटेने खाली अंडकोशात उतरू लागतात. उतरताना पोटाच्या आतील आवरणाची एक बोटासारखी पिशवी त्यांच्यासोबत खाली येते. जन्माच्या सुमारास किंवा त्यानंतरच्या काही महिन्यांत या पिशवीची वरची वाट आपोआप बंद होते. ती अरुंद स्वरूपात उघडी राहिली, तर पोटातील द्रव झिरपून अंडकोशात येतो आणि हायड्रोसील होतो. तीच वाट रुंद राहिली, तर आतडे खाली सरकते आणि हर्निया होतो. दोन्हींचे मूळ एकच असले, तरी धोका सारखा नाही.

नवजात मुलग्यांपैकी शंभरात साधारण एक ते पाच जणांना हायड्रोसील असतो. सूज मऊ असते, दुखत नाही आणि बाळ एरवी मजेत असते. सकाळी झोपेतून उठल्यावर सूज कमी आणि दिवसभर खेळून झाल्यावर संध्याकाळी जास्त, असा फरक जाणवला, तर वाट अद्याप उघडी आहे असे समजावे. झोपलेल्या स्थितीत द्रव पोटात परत जातो, म्हणून हा फरक पडतो. कधी कधी जांघेच्या वाटेत मध्येच द्रव अडकून तेथे वेगळी गोटी लागते. पालकांना तो तिसरा वृषण वाटतो. तो हायड्रोसीलचाच एक प्रकार असतो.

यातील बहुतेक हायड्रोसील वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात. म्हणून तोपर्यंत फक्त लक्ष ठेवावे, असा सल्ला दिला जातो. या काळात सुई टोचून पाणी काढणे, घट्ट पट्टा बांधणे, तेलाने चोळणे किंवा शेकणे यांचा उपयोग होत नाही, उलट अपाय होऊ शकतो. वरची वाट उघडी असताना सुईने काढलेले पाणी पुन्हा भरणारच, आणि आतडे खाली आलेले असल्यास त्यालाच सुई लागण्याची भीती असते. विरुद्ध बाजूचा कान टोचल्याने पाणी उतरते, ही समजूतही अनेक ठिकाणी आढळते. पाणी उतरते ते त्या वयात वाट बंद झाल्यामुळे. श्रेय मात्र कानातल्या बाळीला मिळते.

दोन वर्षांनंतरही सूज कायम असेल, ती वाढत असेल किंवा सोबत हर्निया असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. ती जांघेत लहानसा छेद घेऊन केली जाते. उघडी राहिलेली वाट शोधून ती वरच्या टोकाला बांधून टाकतात. पूर्ण भूल देऊन केलेली ही शस्त्रक्रिया थोड्या वेळात आटोपते, बहुतेक मुले त्याच दिवशी घरी जातात आणि काही दिवसांत खेळूही लागतात. हर्निया असल्यास मात्र दोन वर्षे वाट पाहण्याचे कारण नाही. शस्त्रक्रिया लवकर करणेच हिताचे असते.

मोठ्या माणसांत कारणे निराळी

प्रौढ वयातील हायड्रोसील बहुधा चाळिशीनंतर दिसतो. अनेकदा त्याचे निश्चित कारण सापडत नाही. जड ओझे उचलल्याने, सायकल चालवल्याने किंवा जास्त पाणी प्यायल्याने तो होतो, या समजुतींना आधार नाही. मार लागणे, वृषण किंवा त्याच्या मागील नलिकेला जंतुसंसर्ग होणे, त्या भागात पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असणे ही काही ज्ञात कारणे आहेत. क्वचित वृषणाच्या गाठीमुळे, म्हणजे कर्करोगामुळेही भोवती पाणी जमते. वृषणाचा कर्करोग हा मुख्यतः तरुण पुरुषांचा आजार आहे. त्यामुळे विशी-तिशीतील तरुणाला नव्याने सूज आली, तर 'पाणी असेल' असे म्हणून थांबणे धोक्याचे ठरते.

भारतात आणखी एका कारणाचा विचार करावाच लागतो, तो म्हणजे हत्तीरोग. या रोगाचा धाग्यासारखा कृमी क्युलेक्स जातीच्या डासांमार्फत शरीरात शिरतो. हत्तीरोग म्हटले की सुजलेला पाय डोळ्यांसमोर येतो. परंतु पुरुषांमध्ये याच रोगाचे अंडवृद्धी हे अधिक आढळणारे रूप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे अडीच कोटी पुरुषांना हत्तीरोगामुळे हायड्रोसील झालेला आहे, तर हातापायांच्या सुजेचे रुग्ण दीड कोटींहून अधिक आहेत. या कृमींची सूक्ष्म पिल्ले मानवी शरीरात प्रथम आढळली, तीही हायड्रोसीलच्या पाण्यातच. पॅरिसमधील शल्यविशारद देमार्के यांनी १८६३ मध्ये क्युबातून आलेल्या एका रुग्णाच्या अंडकोशातील द्रवात ती पाहिली. पुढे १८७२ मध्ये कोलकात्यात टिमोथी लुईस यांना ती रुग्णाच्या रक्तात सापडली.

पूर्ण वाढलेले कृमी अंडकोशातील लसीकावाहिन्यांमध्ये मुक्काम करतात. त्यामुळे त्या वाहिन्या फुगतात, त्यांचे काम मंदावते आणि द्रव साठत जातो. हे कृमी शरीरात सहा ते आठ वर्षे जगतात आणि सूज दिसण्यास त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. म्हणूनच हा केवळ खेड्यातील प्रश्न नाही. पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया यांसारख्या जिल्ह्यांतून किंवा बिहार, उत्तर प्रदेशातून येऊन मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या माणसाला बालपणी झालेल्या संसर्गाचे परिणाम चाळिशीत भोगावे लागू शकतात. डॉक्टरांना आपले मूळ गाव सांगणे हा अशा वेळी निदानाचाच एक भाग असतो.

निदान कसे होते?

अनुभवी डॉक्टरांना बहुतेक वेळा हाताने तपासूनच निदान करता येते. सुजेच्या वर, जांघेकडील बाजूस बोटांनी पोहोचता आले, तर सूज अंडकोशातलीच असते. पोहोचता आले नाही, तर हर्नियाचा संशय येतो. अंधारात सुजेला बॅटरी लावली, की पाण्यातून प्रकाश पसरून सूज लालसर उजळते. मात्र तान्ह्या बाळात आतड्याची भिंत पातळ असल्याने हर्नियाही तसाच उजळू शकतो आणि जुन्या, जाड झालेल्या हायड्रोसीलमधून प्रकाश जात नाही. म्हणून घरच्या घरी बॅटरी लावून निष्कर्ष काढू नये.

प्रौढ रुग्णात सोनोग्राफी करणे श्रेयस्कर असते. पाण्याआड दडलेला वृषण हाताला नीट लागत नाही. सोनोग्राफीत तो निरोगी आहे की त्यात गाठ आहे, हे समजते. ही तपासणी न करता पाणी काढण्यासाठी सुई घालणे अयोग्य, कारण आत कर्करोग असल्यास तो पसरण्याची शक्यता असते. हत्तीरोगाचा संशय असल्यास रक्ततपासणी केली जाते. कृमींची पिल्ले रात्रीच रक्तात वावरत असल्याने सरकारी सर्वेक्षणात रात्री रक्ताचे नमुने घेतात. आता दिवसाही करता येणारी पट्टीचाचणी उपलब्ध आहे.

उपचार : सुई की शस्त्रक्रिया?

लहान, न दुखणाऱ्या आणि त्रास न देणाऱ्या हायड्रोसीलवर, वृषण निरोगी असल्याची खात्री झाल्यावर, उपचार केलेच पाहिजेत असे नाही. चालताना जड वाटणे, ओढ बसणे, कपडे घालण्यात किंवा शरीरसंबंधात अडचण येणे, सूज वाढत जाणे ही उपचारांची कारणे होत. साठलेले पाणी आटवणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. रस्तोरस्ती लागलेल्या 'बिनऑपरेशन इलाज'च्या जाहिरातींवर विश्वास ठेवण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

सुईने पाणी काढल्यास तात्काळ हलके वाटते, पण आवरण तसेच राहिल्याने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पाणी पुन्हा भरते. वारंवार सुई टोचल्याने रक्तस्राव आणि पू होण्याचा धोका वाढतो. ज्यांना भूल देणे धोक्याचे आहे अशा वृद्ध रुग्णांत पाणी काढून आत आवरण चिकटवणारे औषध सोडण्याचा पर्याय वापरला जातो.

कायमचा उपाय शस्त्रक्रिया हाच. कमरेखालचा भाग बधिर करून अंडकोशावर छेद घेतला जातो आणि पाणी काढले जाते. आवरण पातळ असल्यास त्याला चुण्या घालून टाके घेतात किंवा ते उलटे करून वृषणामागे शिवतात. जाड असल्यास कापून काढतात. आवरण उलटल्यावर द्रव बंद पिशवीत साठू शकत नाही, आजूबाजूच्या ऊतींत शोषला जातो. हत्तीरोगाच्या रुग्णांत आवरण काढून टाकण्यावर भर दिला जातो. वृषण काढला जात नाही. त्यामुळे पुरुषत्व जाते किंवा मूल होत नाही, ही भीती निराधार आहे.

रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. त्यानंतर काही आठवडे सूज राहणे स्वाभाविक असते. पाणी पुन्हा भरले असे समजून घाबरू नये. लंगोट किंवा आधार देणारी चड्डी वापरावी, तीन-चार आठवडे ओझे उचलू नये. झपाट्याने वाढणारी सूज, ताप किंवा जखमेतून पू आल्यास मात्र ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

थांबू नये असे प्रसंग

अंडकोशात अचानक तीव्र वेदना सुरू झाल्यास ते हायड्रोसीलचे लक्षण नव्हे. वृषणाला पीळ पडल्याने त्याचा रक्तपुरवठा बंद झालेला असू शकतो. अशा वेळी साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. हे विशेषतः वयात येणाऱ्या मुलांत घडते आणि नेमकी हीच मुले लाजेपोटी 'पोटात दुखते' एवढेच सांगतात. त्याचप्रमाणे बाळाची जांघेतील सूज कडक झाली, ती आत जात नसेल आणि बाळ रडत व उलट्या करत असेल, तर हर्नियात आतडे अडकल्याची शंका घ्यावी. दोन्ही प्रसंगी सकाळची वाट पाहू नये.

प्रतिबंध शक्य आहे

हत्तीरोगामुळे होणारा हायड्रोसील टाळता येतो. भारतात २००४ पासून बाधित जिल्ह्यांत सामुदायिक औषधोपचार मोहीम राबवली जात आहे. जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन या तीन औषधांचा एकत्रित वापर सुरू झाला. २०२७ पर्यंत हत्तीरोगाचे उच्चाटन करण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. या गोळ्या वर्षातून एकदा घ्यायच्या असतात. आपल्याला काही झालेले नाही म्हणून अनेक जण त्या घेत नाहीत. पण लक्षणे नसलेल्या माणसाच्या रक्तातूनही डास रोग पुढे नेत असतात. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना त्या दिल्या जात नाहीत. एकदा झालेली अंडवृद्धी मात्र या गोळ्यांनी ओसरत नाही. तिच्यासाठी शस्त्रक्रियाच लागते. क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो, म्हणून गटारे वाहती ठेवणे आणि शौचालयाच्या गॅस पाइपला जाळी बसवणे हे साधे उपायही तितकेच मोलाचे आहेत.

या व्याधीने माणूस सहसा दगावत नाही, पण त्याचे काम, चालणे-फिरणे आणि चारचौघांत वावरणे हिरावले जाते. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत तरुणांना प्रथमच आपल्या हायड्रोसीलचा पत्ता लागतो, असेही घडते. घरातील वडीलधाऱ्या पुरुषाने धोतर अधिक सैल नेसायला सुरुवात केली, लांब चालणे किंवा लग्नसमारंभाला जाणे टाळले, तर घरच्यांनी त्याची आस्थेने विचारपूस करावी. अर्ध्या-पाऊण तासाच्या शस्त्रक्रियेने जे बरे होते, ते संकोचापोटी वीस वर्षे सोसण्यात शहाणपण नाही.