डेटाबेसची नक्कल आणि डेटाबेसचे जतन

मराठीत 'नक्कल' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. कचेरीतून दस्तऐवजाची मिळते ती एक आणि रंगमंचावर दुसऱ्याच्या हालचालींची केली जाते ती दुसरी. डेटाबेसच्या प्रतिकृतीकडे, म्हणजेच रेप्लिकाकडे, बहुधा पहिल्या अर्थाने पाहिले जाते. वस्तुतः ती दुसऱ्या प्रकारची नक्कल होय. मुख्य सर्व्हरवरील प्रत्येक बदल लॉगद्वारे काही क्षणांत दुय्यम सर्व्हरवर उमटतो. परीक्षा विभागात चुकून एका सत्राचे सर्व गुण पुसले गेले, तर ते तिथेही पुसले जातात. मुख्य यंत्र बंद पडल्यास काम पुढे चालू ठेवणे हे रेप्लिकाचे कार्य आहे. माणसाच्या चुकीवर तो उपाय नव्हे.

या संदर्भात गिटलॅब या संस्थेचा अनुभव बोधप्रद आहे. 31 जानेवारी 2017 रोजी तिचा दुय्यम डेटाबेस मुख्य डेटाबेसच्या मागे पडला होता. तो नव्याने जुळविण्यासाठी रिकामा करण्यात आला आणि त्याच खटाटोपात दुय्यम समजून मुख्य सर्व्हरवरच पुसण्याची आज्ञा दिली गेली. सुमारे 300 गिगाबाइटपैकी जेमतेम 4.5 गिगाबाइट उरले. मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. डेटाबेस पोस्टग्रेसच्या 9.6 आवृत्तीवर आणि बॅकअप घेणारे साधन 9.2 चे, त्यामुळे रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता. तसे कळविणारे ई-मेलही नाकारले जात होते. अखेर चाचणीच्या कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट उपयोगी पडला. त्यानंतरच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. संस्थेने हा वृत्तान्त स्वतःच जाहीर केला, ही दुर्मीळ गोष्ट म्हटली पाहिजे.

प्रतिकृतीच्या जोडीला करावयाच्या उपायांत सर्वांत सोपा म्हणजे डंप. यात संपूर्ण डेटाबेस एसक्यूएल आज्ञांच्या रूपात फाइलमध्ये उतरतो. लहान महाविद्यालयाला तो पुरेसा असला, तरी त्यातून परत येते ती डंप घेतला त्या क्षणाची स्थिती. दिवसभराचे काम बुडते. ही उणीव भरून काढण्यासाठी डेटाबेसची मूळ प्रत आणि तिच्यानंतरचे सर्व लॉग सलग जतन करतात. दुपारी 2 वाजून 14 मिनिटांनी गुण पुसले गेले असतील, तर मूळ प्रतीवर लॉग चढवीत 2 वाजून 13 मिनिटांपाशी थांबता येते. पोस्टग्रेसमध्ये ही सोय 2005 च्या 8.0 आवृत्तीपासून आहे. मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉगच्या साहाय्याने हेच साधते. मधला एक लॉग हरवला, तर मात्र त्यापुढचे सारे निरुपयोगी ठरतात.

विलंबित रेप्लिका हा आणखी एक मार्ग. मायएसक्यूएल 5.6 (2013) आणि पोस्टग्रेस 9.4 (2014) यांपासून रेप्लिकाला मुद्दाम काही तास मागे ठेवता येते. चूक त्या अवधीत लक्षात आली आणि रेप्लिका तत्काळ थांबविली, तर पुसलेल्या नोंदी तिच्यातून काढता येतात. शनिवारी झालेली चूक सोमवारी कळली, तर सहा तासांचा विलंब काय कामाचा?

मुख्य सर्व्हरवर ताण नको म्हणून पुष्कळ ठिकाणी बॅकअप रेप्लिकावरून घेतला जातो. पद्धत चांगली आहे, पण मायएसक्यूएलची रेप्लिका मूळापासून नकळत भिन्न होऊ शकते आणि मग चुकीचीच प्रत इमानेइतबारे जतन होत राहते. म्हणून दोन्हीकडील तक्ते चेकसमने अधूनमधून ताडून पाहणे आवश्यक ठरते.

पुनर्प्राप्तीनंतरचे एक काम हमखास विसरले जाते. मुख्य डेटाबेस मागील क्षणाला नेला, की जुन्या रेप्लिका त्याच्यापुढे गेलेल्या असतात. त्या तशाच जोडता येत नाहीत, नव्या प्रतीवरून पुन्हा उभाराव्या लागतात. यास लागणारा वेळ आधी ठाऊक असावा, यासाठी सत्रातून एकदा तरी सुट्या संगणकावर बॅकअप प्रत्यक्ष उतरवून विद्यार्थिसंख्या हजेरीपटाशी जुळते का, ते पाहावे.