माती पाणी पीत नाही, ती का?

मैत्रिणींनो, एका ताटलीत रवा आणि दुसरीत मैदा घेऊन दोहोंवर चमचा चमचा पाणी घालून पाहा. रव्यात ते झटकन मुरेल. मैद्यावर मात्र थबकेल, वरचा थर चिकट होईल आणि खालचं पीठ कोरडंच राहील. वर्षानुवर्षं कसलेल्या जमिनीचा असाच हळूहळू रव्याचा मैदा होत जातो, बरं का!

चांगली माती रवाळ असते. कुजलेला पाला, मुळं, बुरशीचे धागे आणि गांडुळांची विष्ठा यांनी तिचे बारीक कण एकमेकांना धरून राहतात आणि मधल्या फटींतून पाणी खाली उतरतं. दरवर्षी नांगरून माती उघडी पाडली, की हा कुजका अंश लवकर संपतो; काडीकचरा गुरांना नि चुलीला गेल्यामुळे नवा पडत नाही. मग वळवाचे टपोरे थेंब आपटले, की रवे फुटतात, फटी बुजतात आणि वर पापुद्रा धरतो. शिवाय नांगर एकाच खोलीवर नि वरून जड ट्रॅक्टर, म्हणजे वीतभर खाली घट्ट थर बसतो तो वेगळाच.

“पण काळ्या रानाला भेगा पडतात की!” असं कुणी म्हणेल. भेगांतून पहिला पाऊस गटागट जातो खरा. पण माती फुगून त्या मिटल्या, की पुढचं पाणी फार सावकाश उतरतं.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथे १९७६ पासून, आपल्या मराठवाड्यासारख्याच काळ्या जमिनीवर, दोन तऱ्हांची शेती करून पाहिली गेली. एकीकडे जुनी रीत: पावसाळ्यात रान मोकळं, रब्बीला ज्वारी किंवा हरभरा. दुसरीकडे रुंद वरंबे, मध्ये बेताच्या उताराच्या सऱ्या, पावसाळ्यातच पीक, जोडीला तूर आणि खत. दोन तपांनंतर या दुसऱ्या जमिनीत सेंद्रिय अंश जास्त, पाणी जास्त मुरणारं, वाहून जाणारी माती कितीतरी कमी. आणि धान्य सुमारे पाचपट! सगळं श्रेय मुरलेल्या पाण्याला नव्हे, दोन पिकं नि खतही होतंच. तरी जमीन कसल्याने बिघडतेच असं नाही, एवढं नक्की.

आपल्याला गावात बसून काय त्याचं? २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला आहे. पुष्कळजणींचा वाटा मात्र खंडाने दिलेला असतो, तोही वर्षाच्या बोलीवर. पुढच्या साली रान हातात राहील की नाही हे ठाऊक नसलेला माणूस शेणखत कशाला घालील? त्याला तरी बोल कसा लावायचा! तेव्हा खंडाच्या चार पैशांबरोबर बोली तीन-चार वर्षांची करा, आणि पाचट, धसकटं जाळायची नाहीत हेही त्यात घाला.

पुढच्या खेपेला माहेरी जाल तेव्हा दोन ढेकळं आणा: एक शेतातलं, एक बांधावरच्या कधी न नांगरलेल्या जागेतलं. सावलीत वाळवा आणि गाळणीत ठेवून पाण्याच्या पेल्यात अलगद बुडवा. बांधावरचं बराच वेळ टिकलं आणि शेतातलं बघता बघता विरघळलं, तर रान थकलंय. पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहिलं, तर जमीन चोपण होत असेल; मग नुसत्या शेणखताने भागणार नाही, माती तपासूनच घ्या.