कूलरच्या घरघरीतून ऐकू जाणारा माइक

नवतपा लागला की वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वीकडे कूलर रात्रंदिवस बंद होत नाही. पारा ४५ च्या वर, शाळा-कॉलेजांना सुट्ट्या. म्हणजे बीजीएमआय नाहीतर व्हॅलोरंट खेळणाऱ्या पोरांचा खरा हंगामही हाच. स्क्वॉडमधला एक जण जिवाच्या आकांताने ओरडतो, ‘अबे मागून आला, मागून!’ आणि बाकीच्यांच्या कानांत पोचते ती नुसती कूलरची घरघर. अशा वेळी घरात चांगला हेडफोन असेल, तर नवा हेडसेट घेण्यापेक्षा आहे त्यालाच वेगळा माइक जोडावा. हा माइक कसा निवडायचा ते समजून घेताना विज्ञानाची अशी काही दालनं उघडतात, की माणसाने थक्क व्हावं.

सुरुवात अंतरापासून करू. लॅपटॉपचा माइक तोंडापासून ६४ सेंटिमीटरवर आहे असं धरा. अंतर निम्मं केलं की आवाजाचा दाब ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणजे ६ डेसिबलने वाढतो. ६४ चे ३२, ३२ चे १६, १६ चे ८, ८ चे ४. चारदा निम्मं केलं की २४ डेसिबल पदरात! आवाजाचा दाब सोळापट झाला, आणि खिडकीतला कूलर मात्र माइकपासून जवळपास होता तेवढाच लांब राहिला. सॉफ्टवेअर नाही, महागडी यंत्रणा नाही. ओठांच्या कडेला आलेली एक छोटी दांडी एवढं सगळं करते. म्हणून माइक घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसावा. तो तोंडाजवळ येतो का आणि आला की तिथे टिकून राहतो का, हे आधी बघावं.

दांडीच्या टोकावरचं बोंड सोडवून पाहिलं तर आत हरभऱ्याच्या दाण्याएवढी धातूची डबी दिसते. तिच्या तोंडावर काळं कापड. आत प्लॅस्टिकचा एक ताणलेला पापुद्रा, आपल्या केसापेक्षा कितीतरी पातळ, आणि त्याच्यामागे केसभर अंतर ठेवून एक धातूची चकती. या जोडीत विद्युतभार कायमचा कोंडून ठेवलेला असतो. लोखंडात चुंबकत्व मुरून राहावं तसा हा भार प्लॅस्टिकमध्ये वर्षानुवर्षं मुरून राहतो. बोलताना पापुद्रा थरथरतो, मधलं अंतर कणभर कमी-जास्त होतं आणि तेवढ्यावर व्होल्टेज बदलतं. डबीतच बसवलेला चिमुकला ट्रान्झिस्टर तो क्षीण बदल वायरीतून जाण्याजोगा करतो. याला इलेक्ट्रेट माइक म्हणतात. मेण आणि राळ वितळवून, प्रबळ विद्युतक्षेत्रात ठेवून गार केलं तर त्यात भार टिकून राहतो, हे जपानी शास्त्रज्ञ मोतोतारो एगुची यांनी १९१९ च्या सुमारास दाखवलं होतं. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर हीच किमया साधली आणि जगभरचे माइक स्वस्त झाले.

वर्ध्याच्या वाचकाला याच्या आधीची पिढी पाहायची असेल तर फार लांब जायला नको. सेवाग्राम आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवलेला आहे. गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो बसवून घेतला होता. त्या काळच्या फोनच्या बोलायच्या बाजूला कोळशाचे बारीक कण भरलेले असत. आवाजाने ते दाबले जायचे, सैल व्हायचे आणि वायरीतला प्रवाह त्या तालावर वरखाली व्हायचा. तो प्रवाह बाहेरून पुरवावा लागे. आजच्या मोबाइलचा जॅकही डबीतल्या ट्रान्झिस्टरसाठी माइकच्या वायरीतून जेमतेम दोन-एक व्होल्ट पाठवतो. कोळसा गेला, तोंड जवळ न्यायचं आणि वायरीतून थोडी वीज द्यायची, हा व्यवहार तसाच राहिला.

दुसरा चमत्कार डबीच्या पाठीवर असतो. काही डब्यांची पाठ बंद असते. त्या चहूबाजूंनी सारखंच ऐकतात. काहींच्या पाठीला बारीक भोकं असतात. मागून येणारा कूलरचा आवाज पुढून वळसा घेऊन पापुद्र्याच्या तोंडावर पोचतो आणि भोकांतूनही आत शिरतो. आतली वाट मुद्दाम अशी आखलेली असते की दोन्ही आवाज एकाच वेळी पापुद्र्याच्या दोन बाजूंवर येऊन धडकतात. दोन्हींकडून सारखाच दाब आला की पापुद्रा हलणार कसा? समोरचं बोलणं तेवढं पुढे जातं. वीज न लागणारी, निव्वळ भूमितीने साधलेली ही गाळणी मला फार मोठी वाटते. असा माइक घेतला तर कूलर त्याच्या पाठीमागे येईल असं बसावं आणि पाठीवरची भोकं टेपने किंवा बोटाने झाकू नयेत.

आता बाजारातल्या जाती. हेडफोनची वायर निघत असेल आणि तिथे साधं ३.५ मिलिमीटरचं सॉकेट असेल, तर व्ही-मोडाच्या बूमप्रोसारखी माइकची दांडी असलेली वायरच तिथे लावता येते. सगळ्यांत सुटसुटीत मार्ग हाच. मात्र काही हेडफोनचं सॉकेट खोल किंवा खाचेचं असतं, ते आधी पाहून घ्यावं. वायर निघतच नसेल तर अँटलायनच्या मॉडमाइकसारखा चुंबकाने चिकटणारा माइक. त्याची चकती हेडफोनच्या कपावर डकवायची आणि काम झालं की माइक काढून ठेवायचा. डकवण्याआधी कपावरचा घाम-तेल नीट पुसा, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात गोंद दगा देतो. हात आखडता असेल तर बोया बीवाय-एम१ सारखा कॉलर माइक गालाजवळ वायरीला अडकवूनही चालतो. तो चहूबाजूंनी ऐकणारा आहे, त्यामुळे त्याला जितकं जवळ घ्याल तितकं बरं.

पैसे वाया जातात ते बहुधा पिनेपायी. पीन हातात घ्या आणि काळ्या पट्ट्या मोजा. दोन पट्ट्या म्हणजे तीन भाग: डावा कान, उजवा कान, अर्थिंग. तीन पट्ट्या म्हणजे चौथा भाग माइकचा. जुन्या डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात, तिथे माइक आणि आवाज वेगळे करणारा स्प्लिटर लागतो. दोन हेडफोन जोडायचा स्प्लिटरही दिसायला तसाच, पण इथे त्याचा काही उपयोग नाही. मोबाइलला जॅकच नसेल तर टाइप-सीचा अडॅप्टर माइकसुद्धा चालवतो का, हे दुकानातच लावून बघा. ब्लूटूथ हेडफोनचा स्वतःचा माइक सुरू केला की बऱ्याचदा गेमचा आवाज एकदम बसका होतो, कारण जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते. म्हणून खेळायला वायरच बरी.

माइक बसवून झाला की तळहात तोंडासमोर धरा. आधी ‘बात’ म्हणा, मग ‘भात’. दुसऱ्या वेळी तळव्यावर वाऱ्याचा झोत जाणवेल. ख, थ, फ, भ या महाप्राणांनी आपली भाषा भरलेली आहे आणि तो झोत थेट पापुद्र्यावर आदळला की समोरच्याच्या कानात धप्प आवाज होतो. म्हणून दांडी ओठांच्या अगदी समोर न ठेवता कोपऱ्यापाशी, दोन बोटं लांब ठेवावी. बोंडावरचा स्पंज झोत मोडतो आणि घाम-धूळही अडवतो. तो महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवावा, खडखडीत वाळवावा आणि मगच पुन्हा चढवावा, कारण ओल डबीत शिरली की पापुद्र्यावरचा भार ओसरू लागतो.