परवलीचा शब्द पुरत नाही

ऑफिसच्या संगणकात घरून शिरताना मला आधी पासवर्ड द्यावा लागतो, मग जुडग्यातली छोटी यूएसबी किल्ली खोचून तिच्यावर बोट टेकवावे लागते. घरच्यांना हा सोपस्कार वाटतो. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या कंपनीत चोर शिरले ते अशाच, बाहेरून आत येण्याच्या दारातून. चोरलेला पासवर्ड पुरला, कारण त्या दाराला दुसरी तपासणीच नव्हती. अमेरिकाभर औषधांच्या दुकानांत विम्याचे दावे अडकले, २ कोटी २० लाख डॉलर खंडणी गेली आणि सुमारे १९ कोटी लोकांची माहितीही. त्यात आपल्यापैकी बरेच जण असणार!

दुसऱ्या तपासणीतही डावे-उजवे आहे. एसएमएसने येणारा आकडा सर्वांत कच्चा. फोन कंपनीच्या माणसाला गंडवून तुमचा नंबर चोराच्या सिमवर नेता येतो. ॲपमधला सहा आकडी कोड त्याहून बरा. तुमचा फोन आणि समोरचा सर्व्हर यांच्याकडे एकच गुपित असते. दोघेही त्यात घड्याळातली वेळ मिसळून बहुधा दर ३० सेकंदांनी नवा आकडा काढतात. म्हणून तो विमानात, नेटवर्क नसतानाही मिळतो. मात्र बँकेसारख्या दिसणाऱ्या खोट्या पानावर तो भरलात, तर चोर तेवढ्या अवधीत खऱ्या पानावर वापरून मोकळा होतो. किल्ली इथे फसत नाही. ब्राउझर तिला पानाचा खरा पत्ता कळवतो, आणि पत्ता वेगळा असला की ती दाद देत नाही.

घरी सुरुवात ईमेलपासून करावी. बँकेचा आणि ४०१ के खात्याचा पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. किल्ल्या दोन घ्याव्यात. कोड फोनवर विचारणारा माणूस कितीही गोड मराठी बोलो, त्याला सांगू नये.

मला जास्त काळजी वेगळीच वाटते. आपल्या कित्येक घरांत सगळी खाती नवऱ्याच्या फोनला बांधलेली असतात, भारतातल्या बँकेचा ओटीपीसुद्धा. तो आयसीयूत असेल तर गृहकर्जाचा हप्ता कोण भरणार? संयुक्त खात्यावर बायकोचे नाव असते. तिचे स्वतःचे लॉगिन, तिच्या फोनवर येणारा कोड असतो का? या शनिवारी बसून तेवढे करून घ्या. रिकव्हरी कोड कागदावर छापून पासपोर्टांबरोबर ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो, तेव्हा वापरलेल्यावर काट मारा.