बत्तीस घरांचा रुमाल

साताऱ्याची माझी आत्या घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. दसरा उलटला की गॅसवर कढई चढते आणि टेबलावरच्या संगणकात फोल्डर वाढायला लागतात: ऑर्डरी, हिशेब, कुरियर, जुने पत्ते, औषधांची बिलं, भजनं. गेल्या वर्षी पडद्यावर ओळीनं बसलेल्या अकरा पिवळ्या फोल्डरांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "अगं, फळीवर एकसारखे अकरा डबे ठेवले तर हळद कुठली नि तिखट कुठलं, हे दर वेळी चिठ्ठी वाचून बघायचं का?" बारीक अक्षरं तिच्या डोळ्यांना आता सोसत नाहीत. तेव्हा दोघींनी मिळून ती चित्रंच बदलायला घेतली. एका दुपारचं वाटलेलं काम तीन आठवडे चाललं, आणि त्या तीन आठवड्यांत पडद्यावरच्या या चिमुकल्या चित्रांकडे बघण्याची माझी नजर बदलली.

तो पिवळा फोल्डर आला कुठून, तिथूनच सुरुवात करते. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे १९७३ साली 'ऑल्टो' हा संगणक तयार झाला आणि त्याच कल्पना पुढे नेणारा 'स्टार' १९८१ मध्ये बाजारात आला. स्टारच्या पडद्यावर कचेरीतलं टेबल मांडलेलं होतं: कोपरा दुमडलेला कागद, फोल्डर, आलेल्या टपालाचा ट्रे, जाणाऱ्या टपालाचा ट्रे. ही चित्रं नॉर्मन कॉक्स या चित्रकारानं काढली. अमेरिकी कारकुनाच्या हाताखालच्या रोजच्या वस्तू त्या. फोल्डरचा पिवळसर रंगही तिथल्या कचेऱ्यांचा. फिलिपिन्समध्ये अबाका नावाचं केळीच्या कुळातलं झाड आहे. त्याच्या धाग्यापासून पूर्वी जाड, चिवट कागद करत आणि मनिला शहरावरून त्याला मनिला म्हणत. त्या कागदाचा रंग आज साताऱ्यातल्या पडद्यावर आहे.

आपल्याकडे कागद ठेवायची रीत वेगळी होती. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद रुमालांत आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी फडक्यात बांधलेला गठ्ठा. इतिहासाचे अभ्यासक आजही आपल्या टिपांमध्ये रुमालाचा क्रमांक देतात. हे सांगितल्यावर आत्या लगेच म्हणाली, "मग माझ्या हिशेबाला रुमालच काढ. लाल. आणि वर गाठ दिसली पाहिजे."

पडद्यावरच्या या चित्राला 'आयकॉन' म्हणायला सुरुवात केली डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी, १९७५ साली स्टॅनफर्डला सादर केलेल्या प्रबंधात. हा शब्द त्यांनी रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमधून उचलला. तिथलं आयकॉन ज्याचं चित्र असतं त्याचा अंश बाळगतं, अशी श्रद्धा आहे. आपल्याला हे मूर्तीवरून चटकन उमजतं. कुंभाराच्या मांडवातला गणपती आणि चौरंगावर प्रतिष्ठापना झालेला गणपती दिसायला एकच, तरी दुसऱ्यासमोर आपण हात जोडतो. पडद्यावरचा फोल्डर ओढून कचऱ्याच्या टोपलीत टाकला की आतले सगळे कागद त्याच्याबरोबर जातात. चित्राला केलेलं वस्तूला पोचतं. म्हणून ही चित्रं निवडण्याला महत्त्व आहे.

आणि मग सुझन केअर. या कामात मला सर्वांत जवळची वाटलेली बाई ती. १९८४ च्या जानेवारीत आलेल्या मॅकिंटॉशची चित्रं तिनं काढली. प्रत्येक चित्राला जागा किती, तर आडवी बत्तीस आणि उभी बत्तीस घरं, म्हणजे एकूण १०२४. रंग दोनच, काळा आणि पांढरा. करड्या छटेचीसुद्धा सोय नाही. तिनं चौकटींची वही घेतली आणि एकेक घर भरत हसरा संगणक, बाँब, कात्री अशी चित्रं उभी केली. मोझेक आणि सुईकामाशी या कामाचं नातं आहे, असं ती सांगत आली आहे. त्या वहीतली चित्रं २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं आपल्या संग्रहात घेतली. विंडोज ३.० ची कित्येक चित्रं आणि सॉलिटेअरचे पत्तेही तिचेच.

केअरच्या वहीची छायाचित्रं मी आत्याला दाखवली. तिनं चष्मा पुसला, नीट पाहिलं आणि म्हणाली, "ही तर दुसुती आहे." शाळेपासून आत्या दुसुतीच्या कापडावर टाके मोजून भरतकाम करते. मोर, तुळशी वृंदावन, कोयरी, सगळं फुल्यांच्या टाक्यात. तिला शिकवायला काहीच लागलं नाही. आलेख वहीवर बत्तीस बाय बत्तीसची चौकट आखून दिली आणि दुसऱ्या दिवशी लाल रुमाल तयार होता. गाठीचे दोन कान वर आलेले, आणि कडेला एक गडद ओळ, गठ्ठा जड वाटावा म्हणून.

खरी मेहनत पुढे होती. विंडोजची आयकॉन-फाइल, म्हणजे आयसीओ, ही एका चित्राची नसते. तिच्या पोटात एकाच वस्तूची लहानमोठी चित्रं असतात: १६ घरांचं, ३२ चं, ४८ चं आणि विंडोज व्हिस्टापासून २५६ चंही. बारीक यादीत संगणक सोळाचं दाखवतो, मोठ्या मांडणीत मोठं. (या फाइलीत चित्राची रुंदी एकाच बाइटमध्ये लिहितात आणि बाइटमध्ये २५५ पर्यंतचाच आकडा मावतो. म्हणून २५६ साठी शून्य लिहितात. जुन्या चौकटीत नवं बसवण्याची ही तोड मला फार आवडली.) मोठं चित्र यंत्राकडून लहान करून घेतलं तर काय होतं, ते आत्याच्या वृंदावनानं दाखवलं. भजनांच्या फोल्डरसाठी तिनं कोनाडा, पणती, मंजिऱ्या असं सगळं काढलं होतं. सोळा घरांत त्याचा हिरवट डाग झाला. आत्यानं ते नव्यानं काढलं: पणती गेली, मंजिऱ्या गेल्या, राहिला चौथरा आणि वर पानांचा झुबका. लहान चित्र वेगळं काढावं लागतं, त्यात काय गाळायचं ते हातानं ठरवावं लागतं.

आपल्या देशानं हा धडा फार आधी गिरवला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि तिच्यावर त्याचं चिन्ह होतं. अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी लोकांनी त्या चिन्हाच्या बाह्यरेषेच्या भरवशावर मत दिलं. आमची कसोटीही तीच होती: आत्यानं चष्मा काढून, दोन हात लांबून ओळखलं तर चित्र पास.

आता प्रत्यक्ष कृती. चित्र गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढावं. प्रत्येक मापाचं चित्र वेगळ्या लेयरवर ठेवून आयसीओ म्हणून एक्सपोर्ट केलं की सगळी मापं एकाच फाइलीत जातात. मग विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, चेंज आयकॉन, आणि आपली फाइल निवडायची. विंडोज त्या फोल्डरमध्ये 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाची लपलेली चिठ्ठी ठेवतं आणि चित्र कुठे आहे ते तिच्यात लिहितं. म्हणून चित्रांच्या फाइली एका कायमच्या जागी ठेवाव्यात. त्या हलवल्या की चिठ्ठीतला पत्ता चुकतो आणि फोल्डर पुन्हा पिवळा होतो. आमचं एकदा तसं झालं. बदललेलं चित्र दिसायला कधी वेळ लागतो, कारण जुन्या चित्रांचा साठा विंडोज जवळ बाळगतं. संगणक बंद करून सुरू केला की बहुधा काम होतं. 'धिस पीसी' किंवा रीसायकल बिनसाठी वाट वेगळी: पर्सनलायझेशन, थीम्स, डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज. मॅकवर तर १९९१ च्या सिस्टिम ७ पासून चित्र कॉपी करून 'गेट इन्फो'च्या खिडकीतल्या छोट्या चित्रावर पेस्ट केलं की झालं.

लिनक्सची पद्धत मला सर्वांत उदार वाटते. तिथे चित्रांची नावं सर्वांनी मिळून ठरवलेली आहेत: रिकामी टोपली 'यूझर-ट्रॅश', भरलेली 'यूझर-ट्रॅश-फुल'. त्या नावांनी चित्रं काढून घरच्या 'आयकॉन्स' फोल्डरमध्ये आपला संच ठेवायचा आणि एका छोट्या फाइलीत आपल्या संचात कमी असेल ते कोणत्या संचातून घ्यायचं, ते लिहायचं. दहाच चित्रं जमली तरी संच चालतो. बाकीची शेजारून उसनी येतात.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. चित्रावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चालणारा प्रोग्राम आपलं चित्र स्वतःच्या पोटात घेऊन फिरतो आणि ते चित्र कुणीही कसलंही ठेवू शकतो. पेनड्राइव्हमधून पसरणारे कितीतरी व्हायरस याच पिवळ्या फोल्डरचा वेष घेऊन आले. फाइलीच्या नावाचं शेपूट विंडोज मुळात लपवून ठेवतं. ते दिसेल अशी व्यवस्था आधी करा. शेवटी 'ईएक्सई' दिसलं तर तो फोल्डर नाही. नवी चित्रं हवीत म्हणून मूळ सिस्टिमच्या फाइली बदलणारी सॉफ्टवेअरं उतरवून घेऊ नका. त्यांच्याशिवाय आमची अकरा चित्रं बसली.

शेवटचं चित्र रीसायकल बिनचं. त्याला दोन चित्रं लागतात, रिकामं आणि भरलेलं. मी केरसुणी सुचवली. आत्या गंभीर झाली. "लक्ष्मीपूजनाला जिला हळदकुंकू वाहतो, ती तिथे नको." मग तिनं केरभरणी काढली: एक रिकामी आणि एक कागदाच्या बोळ्यांनी भरलेली.

यंदा पाडव्याला हिशेबाचा नवा फोल्डर उघडायचा आहे. वहीच्या पहिल्या पानावर उमटवतात तशी कुंकवाची बोटं रुमालाच्या कोपऱ्यावर हवीत, असा आत्याचा आग्रह आहे. लाल रुमालावर कुंकू दिसेना, म्हणून तिनं फडकं पांढरं केलं. बत्तीस घरांत पाच बोटं नीट बसली. सोळाच्या चौकटीत तिनं बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली आणि मग एकच घर लाल भरलं.