पिल्लू जंत घेऊनच जन्माला येतं

(लेखमाला : घरचं जनावर – लेखांक 6)

मागच्या लेखात पिल्लाच्या लसींचं वेळापत्रक पाहिलं. पहिल्या लशीच्या आधी जंताचं औषध होऊन जायला हवं, एवढंच तेव्हा म्हटलं होतं. एका वाक्यात उरकण्याजोगा हा विषय नाही.

जंत गोड खाल्ल्याने होतात, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. पिल्लाचं पोट फुगलेलं दिसलं की गूळ बंद, बिस्किटं बंद, दूध बंद. बिस्किटं जरूर बंद करा, पण त्याने जंत जाणार नाहीत. ते आईकडून आलेले असतात, आणि पुष्कळदा जन्माच्याही आधी.

गोलकृमीच्या अळ्या मोठ्या कुत्रीच्या स्नायूंत आणि इतर अवयवांत निपचित पडून असतात. त्या अवस्थेत नेहमीच्या औषधांना त्या दाद देत नाहीत, आणि कुत्रीची शी तपासली तरी तिथे काही सापडत नाही. कुत्री गाभण राहिली की सुमारे 63 दिवसांच्या गाभणकाळातल्या 42व्या दिवसापासून या अळ्या जाग्या होतात आणि वारेतून पोटातल्या पिल्लांमध्ये शिरतात. पिल्लू जन्मलं की त्या फुप्फुसांतून घशापर्यंत येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात उतरून वाढतात. काही अळ्या दुधातूनही येतात. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होतं तोवर पूर्ण वाढलेल्या माद्या अंडी घालू लागलेल्या असतात; एकेक मादी दिवसाला लाखभर अंडी घालू शकते. म्हणजे आई धडधाकट, घर लख्ख स्वच्छ, तरी पिल्लाच्या पोटात जंत असणारच, असं धरून चालावं.

म्हणूनच पिल्लू दीड महिन्याचं होऊन नव्या घरी गेलं की मग औषध, हा रिवाज मला पटत नाही. पहिला डोस दुसऱ्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात; आईलाही पिल्लांबरोबरच. त्यानंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी. इतक्या वेळा कशासाठी, असं विचारलं जातं. पायरँटेलसारखं औषध आतड्यातल्या जंतांना मारतं; शरीरात अजून वाटेवर असलेल्या अळ्यांना नाही. त्या दहा-पंधरा दिवसांनी आतड्यात पोचतात, तेव्हा पुढचा डोस तयार हवा.

गोलकृमीपेक्षा मला धास्ती वाटते ती अंकुशकृमीची. हा जेमतेम एक-दीड सेंटीमीटर लांबीचा, शीतून सहसा नजरेस पडत नाही. आतड्याच्या आतल्या पडद्याला दातांनी धरून तो रक्त पितो, दिवसाला 0.1 मिलीलिटरपर्यंत. आकडा क्षुल्लक वाटेल. पण अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून 40 मिलीलिटरच्या आसपास रक्त असतं. शंभर अंकुशकृमी असले, तर त्यातलं 10 मिलीलिटर एका दिवसात जाऊ शकतं. या अळ्या मुख्यतः आईच्या दुधातून येतात, त्यामुळे पहिले काही दिवस छान बाळसं धरलेली पिल्लं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकाएकी मलूल होतात. शीत अंडी दिसायच्या आतच पिल्लू दगावू शकतं. अशा वेळी रिपोर्टमध्ये ‘जंत नाहीत’ आलं तरी त्यावर विसंबू नये.

मग ओळखायचं कसं? ओठ वर करून हिरड्या पाहा. गुलाबी असतील तर ठीक. फिकट किंवा पांढुरक्या पडल्या असतील आणि शी डांबरासारखी काळी असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा पिल्लाला नुसतं जंताचं औषध पुरत नाही, कधी रक्तही चढवावं लागतं. गोलकृमी असतील तर पोट फुगलेलं आणि बाकी अंग मात्र हाडकलेलं, केस राठ, मधूनच उलटी, आणि उलटीत किंवा शीत बोटापेक्षा लांब पांढरट जंत. औषध दिल्यावर असे जंत पडले तर घाबरू नका, औषध लागू पडल्याची ती खूण आहे. खूप जंत असलेलं पिल्लू डोसनंतर सारखं ओकू लागलं किंवा पोट ताठ झालं, तर मात्र थांबू नका. जंतांच्या गुंत्याने आतडं अडू शकतं.

मोठ्या कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यांएवढे तुकडे दिसले, तर तो पट्टकृमी. तो पिसवांमधून येतो: कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो, पिसवेत अळी असते. त्यावर प्राझिक्वांटेल लागतं. पायरँटेल इथे उपयोगाचं नाही. आणि पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात पट्टकृमी परत हजर. ढुंगण जमिनीवर घासणारा प्रत्येक कुत्रा जंतांमुळे घासतो असं नाही. बऱ्याचदा गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तुंबलेल्या असतात.

औषध वजनावर ठरतं, त्यामुळे पिल्लू दर वेळी तोलून घ्या. शेजारच्या लॅब्राडोरची उरलेली गोळी अर्धी करून देऊ नका. लसूण चारू नका, कुत्र्याच्या रक्तपेशींना तो अपाय करतो. गुरांना टोचायचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने तर मुळीच नको. कोलीसारख्या जातींत ते जिवावर बेतू शकतं.

घरातल्या लहान मुलांसाठीही हे महत्त्वाचं आहे. गोलकृमीचं अंडं ताज्या शीत निरुपद्रवी असतं, मातीत दोनेक आठवडे राहिल्यावर ते रोग देण्याजोगं होतं आणि पुढे काही वर्षं टिकतं. फिनाईलने ते मरत नाही. अशी माती मुलाच्या तोंडात गेली तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यात पोचतात आणि दृष्टी अधू करू शकतात. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून, वाळूतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. पावसाळ्यात अंगणात चप्पल घालायला लावा. कच्ची वजडी, फोपसं कुत्र्याला घालणं थांबवा, कारण त्यातून येणारा एक चिमुकला पट्टकृमी माणसाच्या यकृतात पाण्याच्या मोठ्या गाठी करतो. आणि शी रोजच्या रोज उचला.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणारे पुष्कळ वाचक ही लेखमाला वाचतात. त्यांना एक विनंती. तुमच्या गल्लीत कुत्री व्याली असेल, तर पिल्लं दोन आठवड्यांची झाली की जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून त्यांना आणि आईला जंताचं औषध द्या. पिल्लांसाठीचं पातळ औषध महाग नसतं, आणि पिल्लू हातात घेता येतं तोवरच ते पाजणं सोपं असतं.